‘गॅलॅक्टिका’ परत आली, पण कोणाची?

आपल्या कॉलेजात ‘रीबूट’ हा शब्द दिवसातून किमान दहा वेळा तरी कानावर पडतो. लॅबमधला पीसी हँग झाला? रीबूट मार. सिम्युलेशन अडकलं? रीबूट मार. फर्स्ट इयरच्या पोरालासुद्धा माहीत असतं की रीबूट केल्याने हार्ड डिस्कवरचं काहीच पुसलं जात नाही. फक्त रॅम साफ होते आणि मशीन पहिल्यापासून सुरू होतं. टीव्ही आणि सिनेमावाल्यांनी हा शब्द आपल्याकडून उचलला खरा, पण त्याचा अर्थ पार बदलून टाकला. त्यांच्या भाषेत रीबूट म्हणजे जुनी गोष्ट पुसायची, नावं तेवढी ठेवायची आणि ‘एकदा काय झालं...’पासून परत सुरुवात करायची. आपण ज्याला फॉरमॅट म्हणतो ना, ते! आणि फॉरमॅट म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो, कारण त्या डिस्कवर आपला डेटा असतो.

एखादी लाडकी सायन्स फिक्शन मालिका वीस-पंचवीस वर्षांनी ‘नव्या रूपात’ येणार अशी बातमी आली, की तिच्या चाहत्यांचं नेमकं हेच होतं. एकीकडे ‘चला, परत येतेय!’ म्हणून उड्या, आणि दुसरीकडे ‘वाट लावणार आता हे लोक’ म्हणून धास्ती. तेही एकाच माणसाला, एकाच वेळी. बाहेरच्यांना हे सगळं बालिश वाटतं. ‘अरे, एक सिरियल तर आहे! आवडली तर बघा, नाहीतर सोडून द्या.’ मला मात्र हे प्रकरण एवढं सोपं वाटत नाही. का वाटत नाही, हे सांगायला माझ्याकडे एक पक्कं उदाहरण आहे : ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’.

पण आधी थोडी टेक्निकल बाजू. जुनी मालिका परत आणायचे ढोबळमानाने तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग ब्रिटनच्या ‘डॉक्टर हू’चा. ही मालिका १९६३ ला सुरू झाली, १९८९ ला बंद पडली, आणि १९९६ चा एक टीव्ही सिनेमा सोडला तर थेट २००५ मध्ये परतली. पण परतली ती जुनीच गोष्ट पुढे नेत. त्यात नायकच असा परग्रहावरचा आहे की मरायला टेकला की त्याचं शरीर आणि चेहरा बदलतो. त्यामुळे नट बदलला तरी पात्र तेच राहतं. ही ट्रिक त्यांनी १९६६ मध्येच वापरली होती. म्हणजे हे ‘पॉज’ करून पुन्हा ‘प्ले’ दाबण्यासारखं झालं. दुसरा मार्ग २००९ च्या ‘स्टार ट्रेक’ सिनेमाचा. आपल्या आई-बाबांच्या पिढीने १९८० च्या दशकात दूरदर्शनवर पाहिलेले कर्क आणि स्पॉक इथे तरुण होऊन परत आले, पण भूतकाळातल्या एका घटनेमुळे इतिहासाला वेगळा फाटा फुटला असं दाखवून. जुन्या फोल्डरची कॉपी करायची आणि बदल कॉपीत करायचे. मूळ फाइलला हात लावायचा नाही. जुना स्पॉक, म्हणजे लिओनार्ड निमॉय, खुद्द त्या सिनेमात येऊन आशीर्वादही देऊन गेला.

तिसरा मार्ग सरळ फॉरमॅटचा. तो ‘गॅलॅक्टिका’ने घेतला. म्हणून सगळ्यात जास्त भांडणही तिच्यावरूनच झालं.

मूळ मालिका ग्लेन लार्सनची. १७ सप्टेंबर १९७८ ला अमेरिकेत एबीसी चॅनलवर ती सुरू झाली. ‘स्टार वॉर्स’ येऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं, आणि दोन्हींत इतकं साम्य दिसलं की ‘स्टार वॉर्स’वाल्या स्टुडिओने थेट कोर्टात केस टाकली. गोष्ट अशी : दूरच्या बारा ग्रहांवर माणसांच्या बारा वसाहती. सायलॉन नावाच्या यंत्रमानवांशी त्यांचं पिढ्यान् पिढ्या युद्ध चाललेलं. सायलॉन तहाची बोलणी करतात, माणसं विश्वास ठेवतात, आणि त्याच वेळी हल्ला होऊन बाराच्या बारा वसाहती बेचिराख होतात. वाचते ती गॅलॅक्टिका ही एकच युद्धनौका आणि तिच्या मागे हाती लागेल त्या यानातून पळालेली माणसं. हा फाटका-तुटका ताफा एका हरवलेल्या तेराव्या वसाहतीच्या शोधात निघतो. तिचं नाव पृथ्वी.

गंमत बघा. तहाची बोलणी हाच सापळा असलेली ही गोष्ट चालू असताना, त्याच रात्री, प्रक्षेपण मध्येच थांबवून एक बातमी दाखवावी लागली : इजिप्त आणि इस्रायल यांच्यातला कॅम्प डेव्हिडचा समझोता! असा योगायोग कुठल्या लेखकाने लिहिला असता तर ‘फारच फिल्मी आहे’ म्हणून आपण हसलो असतो.

मालिका महाग होती. एका एपिसोडला दहा लाख डॉलरच्या आसपास खर्च येत असे. सुरुवात दणक्यात झाली, पण एका सीझननंतर, १९७९ मध्ये, ती बंद झाली. पुढच्या वर्षी ‘गॅलॅक्टिका १९८०’ नावाचा एक स्वस्तातला प्रयत्न झाला, तो दहा एपिसोडांत आटोपला. संपलं. मानवजात पृथ्वीच्या शोधात अवकाशात लटकली ती लटकलीच.

आता विचार करा. एका सीझनची मालिका. तिला २००३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षं, जिवंत कोणी ठेवलं? स्टुडिओने नाही. चाहत्यांनी. त्यांनी संमेलनं भरवली, पत्रकं काढली, वायपर विमानांची मॉडेल्स बनवली, पात्रांचे गणवेश शिवले. आणि या सगळ्यांत पुढे होता एक नट, रिचर्ड हॅच. मूळ मालिकेत कॅप्टन अपोलो, म्हणजे कमांडर अडामाचा मुलगा, त्याने रंगवला होता. या माणसाने गॅलॅक्टिकाच्या पुढच्या कथा सांगणाऱ्या कादंबऱ्या सहलेखकांबरोबर लिहिल्या. मग स्वतःच्या खिशातले पैसे घालून, ओळखीपाळखीच्या लोकांना गोळा करून, त्याने १९९० च्या दशकाच्या शेवटी ‘द सेकंड कमिंग’ नावाचा एक ट्रेलर बनवला, फक्त स्टुडिओला पटवण्यासाठी की बाबांनो, ही गोष्ट पुढे नेता येईल. संमेलनांत लोकांनी तो ट्रेलर डोक्यावर घेतला. स्टुडिओ मात्र ढिम्म हलला नाही. नंतर २००१ मध्ये ब्रायन सिंगर आणि टॉम डेसँटो यांनी जुनीच गोष्ट पुढे नेणाऱ्या मालिकेची तयारी सुरू केली होती, तीही बारगळली.

आणि मग बातमी आली, की स्टुडिओने ‘गॅलॅक्टिका’ रोनाल्ड मूर आणि डेव्हिड आयक यांच्या हातात दिली आहे. पुढची गोष्ट नाही. पहिल्यापासून. सगळं नवं.

हॅचच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुम्ही वर्षानुवर्षं एखाद्या बंद पडलेल्या प्रोजेक्टसाठी जीव टाकलात, आणि ज्या दिवशी प्रोजेक्ट मंजूर झालं त्या दिवशी कळलं की तुमचं डिझाइन कचऱ्याच्या टोपलीत आणि टीमही दुसरीच! ‘आवडलं नाही तर बघू नका’ हे उत्तर इथे पुरतं का?

नव्या मालिकेने बदललं तरी काय काय? बरंच. जुन्या मालिकेत सायलॉन एका परक्या सरपटणाऱ्या जमातीने बनवलेले होते. नव्यात ते माणसानेच बनवलेले, माणसावरच उलटलेले. शिवाय त्यांतले बारा प्रकार हुबेहूब माणसासारखे दिसतात, इतके की काहींना आपण सायलॉन आहोत हे स्वतःलाच माहीत नसतं. जुना बाल्टार हा मानवजातीला विकणारा सरळसोट खलनायक. नवा बाल्टार हा हुशार, गर्विष्ठ शास्त्रज्ञ. प्रेमात पडून आणि कौतुकाला भुलून तो संरक्षण खात्याच्या सिस्टिमचा ॲक्सेस एका बाईला देतो, आणि ती निघते सायलॉन. ती नेव्हिगेशन प्रोग्रॅममध्ये चोरवाट ठेवते, आणि हल्ल्याच्या दिवशी नवीकोरी, अत्याधुनिक विमानं हवेतच बंद पडतात. त्याने मुद्दाम काहीच केलेलं नसतं. फक्त आपल्या नावावरच्या कोडमध्ये दुसऱ्याने काय घातलं ते तपासलेलं नसतं. (सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राचा कोड चिकटवणाऱ्यांनी हा भाग दोनदा बघावा.)

आणि गॅलॅक्टिका का वाचते? कारण ती जुनी आहे! ती सेवेतून निवृत्त होऊन म्युझियम व्हायच्या बेतात असते. तिच्यावरचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले नाहीत. म्युझियममध्ये येणाऱ्या शिक्षकांच्या सोयीसाठी नेटवर्क बसवू द्या, असं शिक्षणमंत्री लॉरा रोझलिन सांगते, आणि अडामा साफ नकार देतो. माझ्या जहाजावर चालणार नाही म्हणजे नाही! आणि लढायला उपयोगी पडतात ती म्युझियमसाठी पुसूनपासून ठेवलेली जुनी वायपर विमानं, दिसायला अगदी १९७८ च्या मालिकेतल्यासारखी. चकचकीत नवं बंद पडतं आणि जुनं उडतं. ज्या मालिकेवर जुन्याचा अपमान केल्याचा आरोप झाला, तिच्या पहिल्याच भागात हे आहे.

पण हे दिसायला मालिका बघावी लागते, आणि भांडण तर त्याच्या आधीच पेटलं होतं. चाहत्यांनी नवीन मालिकेला ‘जिनो’ असं नाव ठेवलं, म्हणजे ‘गॅलॅक्टिका इन नेम ओन्ली’, नावापुरतीच गॅलॅक्टिका. २००३ मध्ये चाहत्यांच्या संमेलनात मूर स्वतः नव्या मालिकेची झलक घेऊन गेला, तेव्हा लोकांनी त्याची हुर्यो उडवली. इतकंच काय, नवा अडामा झालेला एडवर्ड जेम्स ओल्मोस स्वतःच जाहीरपणे म्हणाला होता, की जुनी मालिका मनापासून आवडत असेल तर ही बघू नका. मार्केटिंगवाल्यांनी डोक्याला हात लावला असेल!

सगळ्यात मोठं भांडण झालं स्टारबकवरून. जुन्या मालिकेत स्टारबक म्हणजे सिगार ओढणारा, पत्ते खेळणारा, पोरींच्या मागे फिरणारा बेदरकार पायलट. नट डर्क बेनेडिक्ट. नव्यात स्टारबक मुलगी! केटी सॅकहॉफने तो रोल केला. सिगार तोच, पत्ते तेच, वरिष्ठाला ठोसा मारायची खोडही. बेनेडिक्ट इतका चिडला की २००४ मध्ये त्याने एक जळजळीत लेख लिहून म्हटलं, की आजच्या काळाला पुरुषासारखा पुरुष सहनच होत नाही.

इथे मी तटस्थ नाही, आधीच सांगते. ज्या वर्गात मुली बोटांवर मोजण्याइतक्या असतात तिथे बसणाऱ्या कोणालाही सॅकहॉफचा स्टारबक का आवडेल हे समजवायची गरज नाही. ती कोणाची मैत्रीण, कोणाची बहीण किंवा ‘टीममधली ती मुलगी’ म्हणून कथेत नाही. ती ताफ्यातली सगळ्यात चांगली पायलट आहे आणि सगळ्यात वाईट वागणारीही. चुकायची मोकळीक पडद्यावर मुलांना नेहमीच मिळते. मुलीला मिळालेली मी फार कमी वेळा पाहिली आहे.

तरीही चिडलेल्या सगळ्या चाहत्यांना एका रांगेत उभं करून ‘बायकांचे विरोधक’ म्हणणं मला पटत नाही. त्यांच्यात दोन प्रकार होते. ‘बाईला हे जमणारच नाही’ म्हणणाऱ्यांना सॅकहॉफने चार सीझन उत्तर दिलं. त्यांच्यावर मी शाई फुकट घालवत नाही. पण ‘हा माझा स्टारबक नाही’ म्हणणारा वेगळा. त्याने लहानपणी एका माणसावर प्रेम केलं, त्या माणसाचं पुढे काय झालं ते पंचवीस वर्षं त्याला कळलं नाही, आणि आता त्याला सांगतात की तो माणूस मुळात नव्हताच. त्याचं दुःख खोटं नाही. जुन्यांची आणखी एक तक्रार तर अगदी रास्त होती. १९७८ च्या मालिकेत कर्नल टाय आणि लेफ्टनंट बूमर हे दोन महत्त्वाचे अधिकारी कृष्णवर्णीय नटांनी केले होते, टेरी कार्टर आणि हर्बर्ट जेफरसन यांनी. त्या काळच्या अमेरिकन टीव्हीवर ही साधी गोष्ट नव्हती. नव्या मालिकेत बूमर कोरियन वंशाची मुलगी झाली आणि टाय गोरा. एका दारातून स्त्रिया आत आल्या, तर दुसऱ्या दारातून कोणीतरी बाहेर गेलं. नवं म्हणजे सगळ्याच बाबतींत पुढे, असं नसतं.

मग मी नव्या मालिकेच्या बाजूने का? कारण तिने जुन्या मालिकेचा मूळ प्रश्न जुन्या मालिकेपेक्षा जास्त गंभीरपणे घेतला. जुनी मी नंतर पाहिली, आणि प्रामाणिकपणे सांगते, ती गोड आहे. लॉर्न ग्रीनचा अडामा म्हणजे आपल्याला हवेहवेसे वाटणारे आजोबा. लहान मुलासाठी एक यांत्रिक कुत्राही आहे, आणि त्या कुत्र्याच्या आत चक्क एक चिंपांझी होता! पण बारा जगं नष्ट झाल्यावर थोड्याच वेळात ताफ्यातले लोक एका कॅसिनोच्या ग्रहावर मजा करताना दिसतात. अब्जावधी माणसं मेली, हे मालिका विसरूनच जाते. मूरची मालिका हे एक मिनिटही विसरू देत नाही. राष्ट्राध्यक्षपदाच्या क्रमात त्रेचाळिसावी असलेली रोझलिन एकदम राष्ट्राध्यक्ष होते, कारण तिच्या वरचे बेचाळीस जण गेले. तिच्या फळ्यावर जिवंत माणसांचा आकडा लिहिलेला असतो, पन्नास हजारांच्या आसपास, आणि तो खाली जात राहतो. ‘३३’ नावाच्या एपिसोडमध्ये सायलॉन दर तेहतीस मिनिटांनी हल्ला करतात आणि पाच दिवस कोणी झोपलेलं नसतं. त्याला २००५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. तो बघताना तुमचेच डोळे जड होतात.

आणि काळ बघा. १९७८ ची भीती बाहेरच्या शत्रूची होती : तह करतील आणि दगा देतील. ११ सप्टेंबर २००१ नंतर भीती बदलली : शत्रू आपल्यातच आहे, आपल्यासारखाच दिसतो. मग संशयिताला कोठडीत किती छळायचं? निवडणूक पुढे ढकलायची का? सैन्य मोठं की लोकांनी निवडलेला माणूस? २००६ च्या तिसऱ्या सीझनमध्ये तर माणसंच सायलॉनच्या ताब्यातल्या वस्तीत आत्मघाती बॉम्बस्फोट करतात, आणि आपण कोणाच्या बाजूने आहोत हे आपल्यालाच कळेनासं होतं. त्या वेळी अमेरिकेचं सैन्य इराकमध्ये होतं, हे लक्षात घ्या. १७ मार्च २००९ ला मानवी हक्क आणि दहशतवाद यांवरच्या चर्चेसाठी या मालिकेच्या लोकांना संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कमधल्या मुख्यालयात बोलावलं गेलं. अवकाशयानांच्या सिरियलला!

आपल्या वाचकांसाठी एक खास गोष्ट. नव्या मालिकेचं शीर्षक संगीत नीट ऐका. संथ सुरात जे गायलं जातं तो चक्क गायत्री मंत्र आहे! पहिल्यांदा ऐकलं की अंगावर काटा येतो. जे झालं तेच पुन्हा होणार, काळ चक्रासारखा फिरतो, ही त्या मालिकेची मध्यवर्ती कल्पना. आपल्याकडे चार युगांचा फेरा आजीकडून ऐकलेल्यांना ती काही परकी वाटत नाही. तसं बघितलं तर ही गोष्ट स्वतःच रीबूटबद्दल आहे : तीच माणसं, तेच यंत्रमानव, तीच चूक, पुन्हा पुन्हा. प्रश्न एवढाच, की या फेऱ्यात काही वेगळं घडेल का?

मराठी माणसाला तसं ‘तेच पुन्हा’ बघायची सवय आहे. ‘नटसम्राट’ १९७० ला रंगमंचावर आलं, डॉ. लागूंचे अप्पा लोकांनी डोक्यावर घेतले, पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी यांनी ती भूमिका केली, २०१६ ला नाना पाटेकर पडद्यावर अप्पा झाले. दरवेळी तुलना झाली, वाद झाले, पण कोणी ‘हे नटसम्राटच नाही’ असं फारसं म्हटलं नाही. कारण नाटकात संहिता तीच राहते, नट बदलतो. रीबूटमध्ये नेमकं उलटं असतं : नावं तीच राहतात आणि संहिता बदलते. म्हणूनच ते जास्त टोचतं. आणि म्हणूनच संहिता बदलणाऱ्याची जबाबदारीही मोठी.

आता हॅचचं पुढे काय झालं ते सांगायलाच हवं. तो रागावला होता, आणि त्याने ते लपवलं नाही. पण मूरने त्याला नव्या मालिकेत रोल देऊ केला, आणि त्याने तो घेतला. अपोलोचा नाही. टॉम झारेक नावाच्या राजकीय कैद्याचा : काहींच्या मते स्वातंत्र्यसैनिक, काहींच्या मते दहशतवादी. हा झारेक नव्या सरकारला पहिलाच प्रश्न काय विचारतो? तुम्हाला निवडून कोणी दिलं? निवडणूक घ्या! नव्या अपोलोसमोर जुना अपोलो उभा राहून विचारतोय, की तुम्हाला हा अधिकार दिला कोणी? मला तर वाटतं जुन्या चाहत्यांचा सगळा राग मूरने त्या एका पात्राच्या तोंडी घातला. दुसऱ्या सीझनच्या एका भागात तर जुन्या मालिकेची धून वसाहतींचं राष्ट्रगीत म्हणून वाजते. हॅच २०१७ मध्ये गेला, तेव्हा दोन्ही बाजूंचे चाहते हळहळले. ज्याचं डिझाइन कचऱ्याच्या टोपलीत गेलं होतं, त्याने दुसऱ्याच्या डिझाइनमध्ये उत्तम काम करून दाखवलं. याला हार म्हणायची की मोठेपणा? मी मोठेपणा म्हणेन. पण हाच मोठेपणा प्रत्येक चाहत्याकडून हक्काने मागायचा अधिकार स्टुडिओला नाही, हेही म्हणेन.

आणि आता खरी गंमत. सप्टेंबर २०१९ मध्ये बातमी आली, की ‘पीकॉक’ या अमेरिकन स्ट्रीमिंग सेवेसाठी सॅम एस्मेल नवीन ‘गॅलॅक्टिका’ आणणार. ओरड कोणी केली असेल? मूरच्या मालिकेच्या चाहत्यांनी! ‘इतकी परफेक्ट मालिका असताना पुन्हा कशाला?’ तेच वाक्य, जे २००३ मध्ये ऐकून हेच लोक जुन्यांना हसत होते. खरं तर मूरची मालिकाही परफेक्ट नव्हती. २००९ मधला तिचा शेवट, त्यातले देवदूत आणि दैवी योजना यांवरून आजही हाणामारी होते. एस्मेलने घाईघाईने खुलासा केला, की तो मूरची गोष्ट पुन्हा सांगणार नाही, त्याच विश्वातली वेगळी गोष्ट सांगणार आहे. पुढे पाच वर्षं नुसती वाट बघण्यात गेली, आणि २०२४ मध्ये पीकॉकने तो प्रकल्प सोडून दिला. मग ओरडणाऱ्यांना बरं वाटलं का? छे! ‘निदान बघायला तरी मिळायला हवी होती’ म्हणून हळहळणारे त्यांच्यातच निघाले. सांगितलं ना, एकाच माणसाला एकाच वेळी दोन्ही.

म्हणून मी स्वतःपुरत्या दोन चाचण्या ठरवल्या आहेत. पहिली : नव्या मालिकेवरून जुनं नाव काढून टाका. मागे काही उरतं का? नसेल उरत, तर ती फक्त आपल्या आठवणींवर पैसे कमावायला आली आहे. दुसरी : नाव तसंच ठेवा आणि विचारा, या नावाशी तिचं नातं काय? काहीच नसेल, तर नवीन नाव घ्यायचं होतं की! उधारीचं कशाला? मूरची गॅलॅक्टिका दोन्ही चाचण्यांत पास होते. नाव काढलं तरी ती उत्तम मालिका आहे. आणि घर गमावलेली माणसं, एक म्हातारं जहाज, बाप-लेकातला ताण आणि पृथ्वीचा शोध हा जुना सांगाडा तिने मोडलेला नाही.

चाहत्यांना नकाराधिकार असावा असं मी म्हणत नाही. तसा असता तर मला माझा स्टारबक मिळालाच नसता. पण ज्यांनी पंचवीस वर्षं दिवा तेवत ठेवला, त्यांना ‘वेडे’ म्हणून हसू नये, एवढं तरी करता येतं. आणि चाहत्यांनीही विरोध जरूर करावा, पण बघून करावा. ट्रेलरच्या दीड मिनिटावर फाशीची शिक्षा सुनावू नये.

ही वेळ आपल्यावरही येतेच आहे. २०२२ मध्ये ‘शक्तिमान’वर सिनेमा काढण्याची घोषणा झाली, आणि तेव्हापासून ‘तो रोल कोणी करायचा’ यावर घराघरांत वाद आहेत. मुकेश खन्ना यांनी तर आपली नापसंती जाहीरच केली. शक्तिमानला सायन्स फिक्शन म्हणायचं की नाही यावर वेगळा लेख होईल. पण त्या भांडणात उतरताना एवढं आठवा, की तुम्हाला आवडलं ते काय होतं? पोशाख, चेहरा, की ती गोष्ट बघताना मनात उठलेला प्रश्न? पोशाख कोणीही शिवून देईल. प्रश्न परत आणणारा माणूस सापडायला गॅलॅक्टिकाला पंचवीस वर्षं लागली.

ज्यांनी दोन्ही गॅलॅक्टिका बघितलेल्या नाहीत, त्यांनी परीक्षा संपल्यावर १९७८ चा पहिला भाग आणि २००३ चा पहिला भाग एकापाठोपाठ बघावेत. कोणाची खरी, ते मग ठरवा. भांडायला मी कँटीनमध्ये आहेच!